प्रबंधाचे काम अर्ध्यावर असताना सेलपोझची नवी आवृत्ती घ्यावी का?

प्रश्न: शेपटी_आणि_पेशी, बडोदे

नमस्कार. मी बडोद्यात प्राणिशास्त्रात संशोधन करते. घरपालीच्या तुटलेल्या शेपटीचे पुनर्जनन हा माझा विषय आहे. शेपटी तुटल्यावर जखमेवर आधी त्वचेचा थर येतो, त्याखाली अजून कोणतेही निश्चित रूप न घेतलेल्या पेशींचा दाट पुंजका, म्हणजे ब्लास्टेमा, तयार होतो आणि त्यातून पुढे स्नायू, कूर्चा वगैरे घडत जातात. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर किती टक्के पेशी डीएनएची नवी प्रत बनवत आहेत, हे मला मोजायचे आहे. त्यासाठी ऊतीच्या पातळ कापांवर, म्हणजे छेदांवर, दोन खुणा पाहते. डॅपीमुळे सगळी केंद्रके निळी दिसतात आणि ईडीयूमुळे फक्त डीएनएची प्रत बनवणारी केंद्रके हिरवी दिसतात. हिरव्या केंद्रकांच्या संख्येला निळ्यांच्या संख्येने भागले की हवी ती टक्केवारी मिळते.

मोजणी आतापर्यंत सेलपोझ या प्रतिमेतील पेशी आपोआप ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीने, तिच्यातील केंद्रकांसाठीच्या तयार मॉडेलने केली. पहिल्या काही टप्प्यांचे आकडे त्यातूनच आले आहेत. आता चौथी आवृत्ती, म्हणजे सेलपोझ-सॅम, आली आहे आणि दाट भागातील एकमेकांना चिकटलेली केंद्रके ती खूपच चांगली वेगळी करते असे सगळीकडे वाचायला मिळते. ब्लास्टेमात माझी अडचण नेमकी हीच आहे. जुने मॉडेल तेथे दोन-तीन केंद्रकांना मिळून एकच समजते.

माझ्या गाईडचे म्हणणे असे की, सुरू असलेल्या कामात साधन बदलू नये. एका सहकारिणीचे म्हणणे असे की, चांगले साधन हाताशी असताना जुने वापरणे हाच दोष आहे. मला दोघांचेही पटते, म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. नवी आवृत्ती घ्यावी का, आणि घेतली तर आधीच्या आकड्यांचे काय करावे? शिवाय फिजी आणि क्यूपाथ या प्रतिमा तपासण्याच्या सॉफ्टवेअरांच्याही नव्या आवृत्त्या आल्या आहेत, त्यांचा माझ्या कामाशी काही संबंध आहे का, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद १: सूक्ष्मदर्शन_कक्ष, बडोदे

ताई, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी नव्या आवृत्तीत खरोखर काय बदलले ते पाहू. सेलपोझ हे जेनेलिया संशोधन केंद्रातील कार्सन स्ट्रिंगर आणि मारियस पाचितारियू यांनी २०२० मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. त्याची मूळ कल्पना सुंदर आहे. प्रतिमेतील प्रत्येक बिंदूपासून पेशीच्या मध्याकडे नेणारी दिशा कोणती, हे न्यूरल नेटवर्क सांगते. मग प्रत्येक बिंदू त्या दिशेने पुढे सरकवला जातो आणि जे बिंदू एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात ते एका पेशीचे मानले जातात. ही पद्धत चौथ्या आवृत्तीतही कायम आहे. बदलले आहे ते दिशा सांगणारे नेटवर्क. पूर्वीचे नेटवर्क लहान होते आणि त्यासाठी केंद्रकाचा सरासरी व्यास आपल्याला सांगावा किंवा आधी अंदाजाने काढावा लागे, कारण केंद्रकांच्या मॉडेलचे शिक्षण १७ पिक्सेल व्यासावर झालेले होते आणि आपली प्रतिमा त्या मापाला आणूनच त्याला दाखवली जात असे. नव्या आवृत्तीत मेटा कंपनीने २०२३ मध्ये खुल्या केलेल्या ‘सेगमेंट एनिथिंग’ या मोठ्या मॉडेलचा पाया घेतला आहे, आणि वेगवेगळ्या मापांच्या, रंगक्रमांच्या व गुणवत्तेच्या प्रतिमांवर त्याला शिकवले आहे. त्यामुळे बहुतेक वेळा व्यास सांगावा लागत नाही आणि कोणत्या वाहिनीत, म्हणजे कोणत्या रंगाच्या प्रतिमेत, केंद्रक आहे हेही सांगावे लागत नाही.

व्यासाबाबत मात्र एक हिशेब करून ठेवा. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा आणि वस्तुभिंग २० पटींचे असेल, तर प्रतिमेतील एक पिक्सेल म्हणजे ०.३२५ मायक्रोमीटर होतो. म्हणजे ७ मायक्रोमीटरचे केंद्रक साधारण २१ पिक्सेलचे दिसेल. नव्या मॉडेलचे शिक्षण सुमारे ७.५ ते १२० पिक्सेल व्यासाच्या वस्तूंवर झाले आहे, त्यामुळे २० पटींवर चिंता नाही. पण त्याच छेदाची ४ पटींवर घेतलेली प्रतिमा दिली, तर केंद्रक जेमतेम ४ पिक्सेलचे उरेल आणि मोजणी बिघडेल. तेथे व्यास सांगावाच लागेल, आणि सांगूनही विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण टक्केवारी काढता, आणि टक्केवारीचा भाजक म्हणजे सर्व निळी केंद्रके. समजा, एका छेदात जुन्या मॉडेलने १००० निळी केंद्रके मोजली आणि त्यांत २०० हिरवी होती, तर उत्तर २० टक्के आले. नव्या मॉडेलने चिकटलेली केंद्रके सोडवून १२५० निळी मोजली आणि हिरवी विरळ असल्यामुळे २०० च राहिली, तर उत्तर १६ टक्के येईल. शेपटीत काहीही बदललेले नाही, पण आकडा उतरला. आता पहिले टप्पे जुन्या मॉडेलने आणि पुढचे टप्पे नव्याने मोजले, तर पेशींचे विभाजन मंदावले असा निष्कर्ष निघेल आणि तो सर्वस्वी सॉफ्टवेअरमुळे निघालेला असेल. हे आणखी धोक्याचे अशासाठी की, दाटी सगळीकडे सारखी नसते. ब्लास्टेमात फरक मोठा पडेल, तयार स्नायूत जवळजवळ पडणार नाही. त्यामुळे एखादा ठरावीक गुणक लावून जुने आकडे सुधारता येतील असेही नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे: आवृत्ती कोणतीही घ्या, पण एका तुलनेत एकच घ्या. आपल्या गाईडचे म्हणणे रसायने आणि उपकरणे यांच्या बाबतीत पूर्ण खरे आहे, कारण वापरलेला छेद सहसा पुन्हा पहिल्यासारखा रंगवता येत नाही. प्रतिमांचे तसे नाही. मूळ प्रतिमा जपून ठेवल्या असतील, तर सगळ्या टप्प्यांची मोजणी नव्या आवृत्तीने पुन्हा करता येते, आणि त्यासाठी एकही पाल लागत नाही. तेव्हा साधन मध्येच बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. आधीपासूनच्या सर्व प्रतिमांसाठी एक साधन निवडायचे, एवढाच प्रश्न राहतो.

ती निवड जाहिरात वाचून नव्हे, तर आपल्याच प्रतिमांवर चाचणी घेऊन करा. प्रत्येक टप्प्यातून आणि प्रत्येक प्रकारच्या ऊतीतून काही चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडा. त्यांतील केंद्रके दोन व्यक्तींनी एकमेकींचे न पाहता हाताने रेखाटावीत. मग दोन्ही आवृत्त्यांची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहा. यंत्राने काढलेली आणि हाताने काढलेली बाह्यरेषा यांचे सामाईक क्षेत्र त्यांच्या एकत्रित क्षेत्राच्या निम्म्याहून जास्त असेल तर केंद्रक सापडले असे धरतात. सुटलेली किती आणि नसलेली दाखवली किती, हे वेगवेगळे लिहा आणि टप्प्यानुसार लिहा. सर्वांची एकच सरासरी काढली तर ब्लास्टेमातील दोष स्नायूच्या चांगल्या आकड्यांखाली झाकला जातो. दोन माणसांच्या रेखाटनात आपापसांत जेवढा फरक पडतो, त्यापेक्षा बारीक अचूकतेची अपेक्षा यंत्राकडून ठेवण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २: संगणक_सहायक, इंदूर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त संगणकाच्या बाजूने भर घालतो.

चौथी आवृत्ती बसवताना जुनी काढून टाकू नका. कोंडा (conda) हे सॉफ्टवेअरचे संच वेगवेगळे ठेवणारे साधन वापरून दोन स्वतंत्र वातावरणे, म्हणजे असे दोन संच, तयार करा, एकात चारच्या खालची आवृत्ती आणि दुसऱ्यात चौथी. याचे कारण केवळ सोय नव्हे. केंद्रकांचे जुने तयार मॉडेल चौथ्या आवृत्तीत उपलब्धच नाही, आणि तिसऱ्या आवृत्तीत आपण स्वतः शिकवलेले मॉडेलही चौथीत उघडत नाही. जुने वातावरण एकदा मोडले तर तुलना करण्याचा मार्गच बंद होतो. ते मोडायला फार काही लागतही नाही. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या पायाभूत साधनाची २.० आवृत्ती आली तेव्हा जुन्या नमपायवर बेतलेली कितीतरी साधने एका साध्या अद्ययावतीकरणाने बंद पडली होती. म्हणून वातावरणातील प्रत्येक घटकाची आवृत्ती सांगणारी यादी काढून ती प्रतिमांच्या शेजारीच ठेवा.

नवे मॉडेल आकाराने मोठे आहे. जुन्या मॉडेलच्या काही दशक मेगाबाइटच्या जागी ही फाइल एक गिगाबाइटहून मोठी आहे आणि पहिल्यांदा चालवताना ती आपोआप उतरवली जाते. ती उतरल्यावर तिची प्रत जपून ठेवा. ग्राफिक्स कार्डाशिवाय नवी आवृत्ती चालते, पण फार सावकाश. विभागात कार्ड असलेला एखादा संगणक असेल तर रात्रभर तो मागून घ्या, कारण सर्व प्रतिमा एका बैठकीत, एकाच संगणकावर मोजून काढणे केव्हाही चांगले.

फिजीबद्दल विचारले आहे. फिजी हे इमेजजे या प्रतिमा मोजण्याच्या सॉफ्टवेअरचेच भरगच्च रूप आहे, आणि इमेजजे वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९७ मध्ये सुरू केले, तेव्हापासून ते सर्वांना खुले आहे. आता त्याच्या दोन शाखा मिळतात. जुनी स्थिर शाखा जावा ८ वर चालते आणि नवी जावा २१ वर. नव्या शाखेत पुढील काळातील सुधारणा येत राहतील, पण आपल्या कामातील एखादे जुने प्लगइन, म्हणजे जोडसाधन, तिच्यात चालते का, हे आधी पाहायला हवे. फिजीला इन्स्टॉल करावे लागत नाही, नुसते फोल्डर उलगडले की ते चालते. त्यामुळे दोन्ही शाखा दोन फोल्डरांत शेजारीशेजारी ठेवता येतात. प्रबंधासाठी वापरलेले फोल्डर जसेच्या तसे बाजूला ठेवा आणि त्यात पुन्हा अद्ययावत करण्याची आज्ञा देऊ नका.

फिजीत मॅक्रो, म्हणजे आज्ञांची लिहून ठेवलेली यादी, वापरत असाल तर एक जागा आवर्जून तपासा. द्विवर्णी प्रतिमेत पार्श्वभूमी काळी मानायची की पांढरी, हे एका पर्यायावर ठरते आणि तो पर्याय प्रत्येक संगणकावर वेगळा असू शकतो. तो उलट असेल तर चिकटलेली केंद्रके वेगळी करणारी वॉटरशेडची आज्ञा केंद्रकांऐवजी त्यांच्यामधली मोकळी जागा चिरत बसते, आणि पडद्यावर कोणतीही चूक दाखवली जात नाही. मॅक्रोच्या पहिल्याच ओळीत हा पर्याय स्पष्ट लिहून टाका, म्हणजे नवी आवृत्ती असो वा दुसऱ्याचा संगणक, उत्तर तेच येईल.

क्यूपाथ आपल्याला तेव्हाच लागेल जेव्हा आपण संपूर्ण स्लाइड स्कॅन करून घ्याल. त्याच्या ०.६ आवृत्तीत पूरक साधने एका ठिकाणाहून शोधून बसवण्याची सोय आली आहे आणि इन्स्टॅनसेग हे केंद्रके व पेशी ओळखणारे मॉडेल तिच्यातून घेता येते. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीत उघडण्याआधी त्याची प्रत काढा, इतकेच सांगेन.

शेपटी_आणि_पेशी, बडोदे

दोघांचेही मनापासून आभार. टक्केवारीच्या भाजकाचा मुद्दा मी गाईडना दाखवला आणि त्यांनी सर्व प्रतिमा पुन्हा मोजण्याला लगेच संमती दिली. मूळ प्रतिमा सोळा बिटांच्या टिफ स्वरूपात आहेत आणि त्यांना कोणी हात लावलेला नाही.

सहकारिणीने आणि मी चाचणीचे चौकोन रेखाटले. स्नायू आणि कूर्चा यांत दोन्ही आवृत्त्या जवळजवळ सारख्या निघाल्या. ब्लास्टेमात नवी आवृत्ती खरोखर सरस आहे, जुनीने एकत्र केलेली केंद्रके तिने बहुतेक ठिकाणी नीट सोडवली. पण एक नवा पेच उभा राहिला आहे. छेदाच्या खालच्या थरात, फोकसच्या बाहेर असलेली फिकट केंद्रके जुने मॉडेल सोडून देत असे. नवे मॉडेल त्यांतील अनेक धरते. सहकारिणीने ती रेखाटली होती, मी रेखाटली नव्हती. आमच्या दोघींतला सर्वांत मोठा फरक तेथेच पडला. ही केंद्रके मोजायची की नाही? तिसऱ्या आवृत्तीपासून धूसर प्रतिमा सुधारून देण्याची सोय आहे, ती आधी वापरावी का?

प्रतिसाद ३: मायक्रोटोम, बडोदे

मी बरीच वर्षे ऊतिशास्त्र शिकवले आहे. सॉफ्टवेअरची माहिती वरील दोघांना माझ्यापेक्षा अधिक आहे, परंतु हा शेवटचा प्रश्न मायक्रोटोमच्या, म्हणजे छेद कापणाऱ्या यंत्राच्या, पात्यापाशी सुरू होतो, म्हणून लिहितो. ज्या शहरात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले आणि तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतून देण्याचा आग्रह त्रिभुवनदास गज्जर यांनी धरला, त्या शहरातून असा प्रश्न मराठीत विचारला जावा याचा मला फार आनंद आहे.

छेद घेताना पाते केंद्रकांच्या मधूनही जाते. त्यामुळे छेदात दिसणाऱ्या केंद्रकांत पुरी केंद्रके असतात आणि तुकडेही असतात. छेदाची जाडी ५ मायक्रोमीटर आणि केंद्रकाची उंची ८ मायक्रोमीटर असेल, तर एकच केंद्रक दोन किंवा तीन लागोपाठच्या छेदांत दिसू शकते. अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १९४६ मध्ये यासाठी एक साधी दुरुस्ती सुचवली: मोजलेल्या संख्येला छेदाच्या जाडीने गुणावे आणि जाडी व केंद्रकाची उंची यांच्या बेरजेने भागावे. वरील उदाहरणात ५ भागिले १३, म्हणजे मोजलेल्या संख्येच्या ३८ टक्के. आपण टक्केवारी काढता, त्यामुळे हिरव्या आणि निळ्या केंद्रकांची उंची सारखी असेल तर ही दुरुस्ती वर-खाली कटून जाते. परंतु डीएनए दुप्पट होत असताना केंद्रक मोठे होते, तेव्हा उंची खरोखर सारखी आहे का, हे निदान काही केंद्रके मोजून पाहावे. मोठे केंद्रक जास्त छेदांत सापडते आणि टक्केवारी किंचित फुगवते. सेलपोझची कोणतीही आवृत्ती हे दुरुस्त करून देणार नाही.

फिकट केंद्रकांबद्दल बोलायचे, तर ती मोजणे चूक नाही आणि सोडणेही चूक नाही. चूक होते ती निळ्यात मोजून हिरव्यात सोडल्याने. फोकसबाहेरच्या केंद्रकाचा निळा रंग अंधूक का होईना दिसतो, कारण डॅपीची चमक भरपूर असते. पण त्याचा हिरवा रंग तितका तेजस्वी नसेल, तर ते विभाजनाच्या तयारीत असूनही नुसते निळे म्हणून मोजले जाईल. याचा परिणाम असा की, जाड किंवा तिरप्या बसलेल्या छेदात टक्केवारी आपोआप खाली येईल. म्हणून नियम एकच करा: केंद्रक निळ्यात धरायचे की नाही हे निळ्या प्रतिमेतील त्याच्या कडेच्या स्पष्टतेवरून ठरवा, जे धरले त्याच बाह्यरेषेच्या आत हिरव्याची तीव्रता मोजा, आणि जे निळ्यात गळले ते हिरव्यातही गाळा. स्पष्टतेची मर्यादा चाचणीच्या चौकोनांवर ठरवा आणि कोणती प्रतिमा कोणत्या टप्प्याची आहे हे उघड करण्यापूर्वीच ठरवून टाका.

आणखी एक. हजारो केंद्रके मोजली म्हणून नमुना हजारोंचा होत नाही. एका पालीच्या शेपटीतील केंद्रके एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. संख्याशास्त्रीय चाचणीत नमुन्याची संख्या म्हणजे पालींची संख्या. नवी आवृत्ती अधिक केंद्रके शोधून देते तेव्हा हा मोह वाढतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सूक्ष्मदर्शन_कक्ष, बडोदे

सरांच्या नियमाला माझी पूर्ण सहमती आहे. प्रतिमा सुधारण्याच्या सोयीबद्दल: तिसऱ्या आवृत्तीतील ही सोय गोंगाट कमी करते, धूसरपणा कमी करते आणि कमी पिक्सेलची प्रतिमा मोठीही करते. मात्र ती प्रतिमा पेशींच्या कडा शोधण्यास सोपी व्हावी या हेतूने शिकवलेली आहे. सुधारलेल्या प्रतिमेतील उजेडाचे मूल्य हे छेदातून आलेल्या प्रकाशाचे माप राहत नाही. बाह्यरेषा काढण्यापुरती ती वापरता येईल, पण हिरव्याची तीव्रता नेहमी मूळ प्रतिमेवरच मोजा. आपल्या बाबतीत तर चौथी आवृत्ती ब्लास्टेमात तशीही चांगली चालते आहे, तेव्हा सुधारणेची पायरी टाळलेलीच बरी. फोकसबाहेरची केंद्रके ती अधिक ठळक करेल आणि सरांनी सांगितलेला पेच वाढेल.

पद्धतीच्या प्रकरणात नुसते ‘सेलपोझ वापरले’ असे लिहू नका. सेलपोझची नेमकी आवृत्ती, मॉडेलचे नाव, व्यास दिला की नाही, पेशी-संभाव्यतेची आणि प्रवाहाची मर्यादा (सेलपोझमधील दोन सेटिंग) मूळचीच ठेवली की बदलली, पिक्सेलचे माप, स्पष्टतेची मर्यादा आणि चाचणीत सुटलेल्या व जादा दाखवलेल्या केंद्रकांचे टप्प्यानुसार प्रमाण, एवढे सर्व त्यात यावे. जुन्या आवृत्तीने आलेले आकडे परिशिष्टात द्या. दोन्ही आवृत्त्यांत टप्प्यांचा क्रम सारखाच राहिला, तर तो आपल्या निष्कर्षाचा मोठा आधार ठरेल. क्रम बदलला, तर तो कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या ऊतीत बदलला हे परीक्षकांनी विचारण्याआधी आपल्याला माहीत असेल.

हाताने रेखाटलेले चौकोन मूळ प्रतिमांसह बायोइमेज आर्काइव्ह या जैविक प्रतिमांच्या खुल्या संग्रहात ठेवता आले तर जरूर ठेवा. पालीच्या ब्लास्टेमाच्या अशा प्रतिमा या मॉडेलांनी शिकताना क्वचितच पाहिल्या असतील, आणि पुढची आवृत्ती आली की तीही याच चौकोनांवर तपासून पाहता येईल.